कमानीपासून कठड्यापर्यंत

डेक्कन क्वीन सकाळी साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागते. सव्वातीन तास खिडकीशी बसून, घाट बघत, ऑम्लेट खात आलेला पुणेकर फलाटावर उतरतो तेव्हा त्याची चाल पुण्याचीच असते. बॅग सावरायची, चष्मा पुसायचा, मग निघायचं. फलाट संपेपर्यंत ती चाल बदललेली असते. मागून लोंढा येतो, बाजूने हमालांच्या गाड्या येतात, कुणीतरी ‘चला, चला’ म्हणतं, आणि ज्याला दुपारपर्यंत कुठेही पोचायचं नाही असा माणूसही ऑफिसला उशीर झाल्यासारखा चालू लागतो.

ही घाई त्याची नसते, जागेची असते. अशा जागांची परीक्षा करायला दक्षिण मुंबईसारखं सोयीचं ठिकाण नाही. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पायी आणि थोडं मेट्रोने फिरलं, तर वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या कारणांसाठी वसवलेले पाच-सहा मुलूख लागतात. प्रत्येकाची हवा निराळी. ती हवा आली कुठून, याचा माग बहुतेक ठिकाणी काढता येतो. कुठे तो इमारतीच्या नियमात सापडतो, कुठे तोफेच्या पल्ल्यात, तर कुठे रस्त्यावरच्या दिव्याच्या रंगात.

सुरुवात स्टेशनापासूनच करावी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यावर या इमारतीचं काम 1878 मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती, फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ, भिंतींवर पानं, पक्षी, प्राणी. यातलं बरंचसं कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचं. 2004 मध्ये युनेस्कोने या स्थानकाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. गंमत अशी, की रोज इथून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. लोकलच्या तिकीटघराच्या छताला सोनेरी तारे आहेत, पण खाली रांगेत उभ्या असलेल्या माणसाची नजर गाडीची वेळ दाखवणाऱ्या फलकावर खिळलेली असते. इमारत नीट बघायची तर रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर जावं लागतं. महापालिकेची ती इमारतही स्टीव्हन्सचीच, 1893 ची. तिथे उभं राहिलं की तीच वास्तू एकदम राजवाडा होते, कारण आता बघणाऱ्याला गाडी पकडायची नसते.

तिथून दक्षिणेला दादाभाई नौरोजी मार्ग लागतो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून हॉर्नबी रोड. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला आणि शहराला पाय पसरायला जागा मिळाली. या रस्त्यावर बांधणाऱ्यांनी हवी ती शैली वापरली. कुणी गॉथिक, कुणी ग्रीक-रोमन धाटणी, कुणी घुमट आणि छत्र्या. पण 1896 मध्ये एक अट आली: तळमजल्यावर, रस्त्याच्या कडेने, पादचाऱ्यांसाठी सलग कमानींचा आडोसा सोडायचा. मालक वेगळे, इमारती वेगळ्या, पण खालची वाट एकच.

या एका अटीने रस्त्याचा स्वभाव ठरला. कुलाब्याच्या वेधशाळेच्या हिशेबाने या भागात चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत घाम निथळतो. कमानीखाली दोन्हींपासून सुटका. मे महिन्यातल्या दुपारी उन्हातून आत शिरलेल्या माणसाचे खांदे सैल पडतात. खांबांच्या मधून उन्हाचे पट्टे फरशीवर पडलेले असतात आणि चालणारा एकदा उजेडात, एकदा सावलीत असा जातो. खांबाला टेकून कुणी घड्याळांचे पट्टे विकतो, कुणी मोबाइलची कव्हरं, कुणी जुनी नाणी. गिऱ्हाईक थांबतं, मागच्याला वळसा घालावा लागतो, वळसा घालणाऱ्याची नजर मग दुसऱ्या मालावर जाते. रस्त्याच्या मधोमध मोटारींचा गोंगाट चालू असतो, पण कमानीच्या आत भाव करताना आवाज चढवावा लागत नाही. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात इमारतींच्या मधल्या जीवनाचा विचार मांडला. करावीच लागणारी कामं माणूस कुठेही उरकतो. रेंगाळणं, बघणं, थांबून बोलणं हे मात्र जागा चांगली असेल तरच घडतं, असं त्यांचं निरीक्षण. या कमानींखाली दोन्ही प्रकारची माणसं एकाच वेळी बघायला मिळतात.

मधल्या काळात या कमानींवर पाट्यांचा बुजबुजाट झाला होता. गेल्या शतकाच्या अखेरीस वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने दुकानदारांना बरोबर घेऊन पाट्यांना मापात आणण्याचं काम हाती घेतलं गेलं. पाटी कमानीच्या आत बसवायची, नक्षी झाकायची नाही, एवढीच मागणी. 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. पाट्या आक्रसल्या, तसे वरचे मजले पुन्हा दिसू लागले.

पुढे फ्लोरा फाउंटन. 1864 चं हे कारंजं आणि त्याच्या शेजारी, हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचं हुतात्मा स्मारक. एक वसाहतीच्या वैभवासाठी, दुसरं संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेल्यांसाठी. फुटपाथावरचे जुन्या पुस्तकांचे ढीग इथे पूर्वीपासून ओळखीचे. चौकात रहदारीचा धबडगा इतका, की कुणी स्मारकाकडे मान वर करून बघायला थांबत नाही. अपवाद 1 मे आणि 21 नोव्हेंबरचा. त्या दिवशी फुलांची चक्रं येतात आणि हा चौक तेवढ्यापुरता चौक राहत नाही.

चौकातून पूर्वेला वळलं, की पाचएक मिनिटांत हॉर्निमन सर्कल. इथे रस्ताच गोल आहे. बागेभोवती इमारतींची सलग कमान फिरते, त्यामुळे पुढचं टोक कधीच नजरेत येत नाही आणि पाय आपोआप मंदावतात. जागेला नाव मिळालं ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं. स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणाऱ्या या इंग्रजाला सरकारने 1919 मध्ये हद्दपार केलं होतं. त्याआधी हे एल्फिन्स्टन सर्कल होतं, त्याच्याही आधी कापसाच्या गासड्यांचं मैदान. शेअर दलालांचा बाजार भरायचा तो इथल्याच वडाखाली. 1875 मध्ये त्यांनी रीतसर संघटना केली आणि पुढे त्यातून शेअर बाजार उभा राहिला. झाडाची सावली नसती तर ते सौदे उन्हात किती वेळ चालले असते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सहसा येत नाही.

सर्कलच्या पूर्वेला एशियाटिक सोसायटीचं टाऊन हॉल, 1833 चं. पांढऱ्या खांबांपर्यंत नेणाऱ्या तीस पायऱ्या. आत दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखितं आहेत, पण शहराने आपलं म्हटलं ते पायऱ्यांना. दुपारी डबा खाणारे कारकून, संध्याकाळी कॉलेजची मुलं, रविवारी लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. एक मुलगी मांडीवर वही घेऊन खांबांचं स्केच काढत असते. दोन पायऱ्या खाली एक गृहस्थ फोनवर घराच्या हप्त्याबद्दल वाद घालत असतात. दोघांनाही एकमेकांचा त्रास नाही. अमेरिकेत विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात ते तपासलं आणि 1980 मध्ये ते पुस्तकरूपाने मांडलं. त्यांचा निष्कर्ष बाळबोध वाटेल इतका सोपा होता: जिथे टेकायला जागा असते तिथे लोक टेकतात. बाक असायलाच हवा असं नाही. पायरी, कट्टा, कठडा चालतो. मुंबईकराला हे सांगायला न्यूयॉर्कहून कुणी यायची गरज नव्हती.

आणखी पूर्वेला गेलं की आवाज एकदम गळतो. बॅलार्ड इस्टेट आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीदगडांनी समुद्र हटवून ही वसाहत उभी केली. आराखडा गेटवे ऑफ इंडियाच्या जॉर्ज विटेट यांचा. सगळ्या इमारतींच्या कंगोऱ्यांची उंची जुळती, रस्ते रुंद, कडेने झाडं, फुटपाथ खरोखर चालण्याजोगे. बोटीने आलेले साहेब इथल्या मोल स्टेशनावरून थेट फ्रंटियर मेल पकडून वायव्य सरहद्दीकडे जात. ती वर्दळ गेली, बंदराचा पसारा इतरत्र हलला, आणि मागे उरली ती कचेऱ्यांची शांतता. नवख्या माणसाला इथे कुजबुजत बोलावंसं वाटतं. दुपारी मात्र जेवायच्या वेळी काही दारांपुढे रांगा लागतात. 1923 पासून चालू असलेल्या ‘ब्रिटानिया’त बेरी पुलाव मिळतो, तोही फक्त दुपारीच. रविवारी या रस्त्यांवर पोरं क्रिकेट खेळताना दिसली तर नवल मानू नये.

जेवून पश्चिमेकडे चालत ओव्हलवर यावं. आतापर्यंतचा प्रवास भिंतींच्या मधून झालेला असतो. इथे अचानक आकाश मिळतं.

ही मोकळीक कुणाच्या दयाळूपणाने आलेली नाही. किल्ल्याभोवती शत्रूला दडायला जागा मिळू नये आणि तोफांचा मारा अडू नये म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरचा पट्टा रिकामा ठेवला होता. तट गेला, तोफा गेल्या, पट्टा उरला. त्याचे तुकडे होऊन ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदानं झाली. आज ओव्हलवर एका वेळी इतके सामने चालतात, की एकाचा पॉइंट दुसऱ्याचा मिडविकेट असतो. चेंडू कुणाचा, हे ओरडून ठरतं.

मैदानाच्या मध्ये उभं राहून आधी पूर्वेला बघावं. उच्च न्यायालय, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि सुमारे 85 मीटर उंचीचा राजाबाई टॉवर. टोकदार कमानी, दगडी जाळ्या, उतरती छपरं. टॉवर पुरा झाला 1878 मध्ये; प्रेमचंद रायचंद या कापूस आणि शेअर बाजारातल्या बड्या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने देणगी दिली होती. मग पश्चिमेला वळावं. तिथे 1930 च्या दशकातल्या निवासी इमारती: गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर भुवयांसारखे सज्जे, फिक्या पिवळ्या-गुलाबी रंगांच्या बाल्कन्या. एका इमारतीचं नावच ‘कोर्ट व्ह्यू’. समोरच्या न्यायालयाकडे बघत ती इतकी वर्षं उभी आहे. एकोणिसावं शतक आणि विसावं शतक यांच्यात मैदान, आणि मैदानात क्रिकेट. दोन्ही बाजूंच्या मिळून 94 इमारतींचा हा परिसर 2018 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

दोन्ही बाजूंचा परिणाम निराळा होतो. पूर्वेची दगडी रांग माणसाला लहान करते. न्यायालय आणि विद्यापीठ यांना तेच हवं होतं. पश्चिमेची रांग घरगुती आहे. बाल्कनीत टॉवेल वाळत असतो, कुणीतरी चहाचा कप घेऊन सामना बघत असतं. सिमेंट-काँक्रीटमुळे सज्जे पुढे काढता आले, समुद्राचा वारा घरात घेता आला, आणि राहणारा माणूस रस्त्याला दिसू लागला. रीगल सिनेमा हा याच नव्या शैलीचा 1933 चा नमुना. तो रचला चार्ल्स स्टीव्हन्स यांनी, म्हणजे सकाळी पाहिलेल्या स्टेशनच्या स्टीव्हन्सच्या मुलाने. बापाने घुमट, मनोरे आणि माकडं कोरून घेतली. मुलाने सरळ रेषा आखल्या.

ओव्हलवरून चर्चगेटला येऊन भुयारी मेट्रोत उतरायचं. आरे ते कफ परेड ही तिसरी मार्गिका 2025 च्या ऑक्टोबरात पूर्ण खुली झाली. जिना उतरताना गारवा अंगावर येतो आणि शहर बंद होतं. ना फेरीवाला, ना पावसाचा वास, ना उन्हाची तिरीप. लोकलमध्ये अनोळखी माणसाच्या खांद्यावर पेंगणारा मुंबईकर इथे अंग चोरून, हलक्या आवाजात बोलतो. चौथं स्थानक गिरगाव. वर आलं, की कढीपत्त्याची फोडणी आणि अगरबत्ती यांचा एकत्र वास सांगतो, आपण कुठे आहोत ते. मेट्रोच्या कामासाठी इथल्या आणि काळबादेवीच्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांना त्याच भागात घरं द्यायची योजना आहे. त्यामुळे ‘आमचं बिऱ्हाड तिथे होतं’ असं हात करून हवेत दाखवणारी माणसं या रस्त्यावर भेटतात.

गिरगावात रस्त्यापेक्षा वाडी महत्त्वाची. ठाकूरद्वारच्या बाजूने आत शिरलं की खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत यांच्या जमिनीवर ती वसली आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी इथे घरं बांधली. एके काळी 65 घरं होती. आज त्यांच्या निम्मीही शिल्लक नाहीत, आणि गल्लीच्या टोकाशी टॉवर डोकावतात. गल्ली इतकी अरुंद, की समोरून स्कूटर आली तर एकाला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. लाकडी जिने घराच्या बाहेरून चढतात. ओट्यावर वेताची खुर्ची, बाजूला तुळस नाही तर क्रूस, कधी शेजारी-शेजारी दोन्ही. निळ्या, पिवळ्या, तांबड्या भिंती. इथे पर्यटक फोटोसाठी गर्दी करतात आणि ते साहजिक आहे. पण गल्लीची रुंदी त्यांना लगेच जाणीव करून देते, की आपण कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या दारात उभे आहोत. ओट्यावरच्या आजींना ‘काढू का फोटो?’ विचारलं, तर बहुधा उत्तराआधी प्रतिप्रश्न येतो: ‘कुठून आलात?’

जवळच केशवजी नाईक चाळ. 1893 मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव इथे झाला. चाळीचा आकार बघितला की ते इथेच का सुरू झालं याचा उलगडा होतो. मध्ये अंगण, भोवती गॅलऱ्या, प्रत्येक दार गॅलरीत उघडणारं. अंगणात काही घडलं आणि कुणी बघितलं नाही, असं होणं शक्य नव्हतं. मांडव घालायला आणि प्रेक्षक गोळा करायला वेगळी खटपट नको. टिळकांनी हाक दिली, आणि ती झेलायला चाळी तयारच होत्या. त्याच टिळकांवर 1920 मध्ये गिरगाव चौपाटीच्या वाळूत अंत्यसंस्कार झाले; पुतळा आजही तिथे आहे.

चौपाटीपासून मरीन ड्राइव्ह सुरू होतो. कागदोपत्री नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग, लांबी साधारण 3.6 किलोमीटर. बॅकबे भरणीच्या योजनेतून ही किनार तयार झाली. त्या योजनेतल्या उधळपट्टीवर 1920 च्या दशकात तुटून पडलेले वकील म्हणजे खुर्शीद नरिमन, आणि भरणीचं दक्षिण टोक आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. संध्याकाळी साडेपाचनंतर कठड्यावर जागा धरावी. कठडा बसायला पुरेसा रुंद, पाय समुद्राकडे सोडले की पाठ शहराकडे होते. मागे सहा पदरी रहदारी आहे, पण लाटांच्या आवाजात ती विरते. घरात दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या शहरात प्रेमात पडलेल्यांना, भांडलेल्यांना, निकालाची वाट बघणाऱ्यांना ही एवढी एकांताची जागा, तीही हजारो लोकांमध्ये. शेजारी कोण बसलंय याकडे कुणी बघत नाही, हा इथला न लिहिलेला करार. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली, की हाच कठडा ओलांडून लाटा रस्त्यावर येतात. महापालिका भरतीच्या तारखा आधी जाहीर करते आणि लोक त्या भिजण्यासाठी वापरतात.

अंधार पडताना दिवे लागतात. 2015 मध्ये इथले सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवले, तेव्हा शहरात रण माजलं. वीज वाचते, उजेड जास्त पडतो, हे कुणी नाकारत नव्हतं. पण ‘राणीचा कंठा’ म्हणून ओळखली जाणारी ही दिव्यांची माळ सोन्याची होती, ती चांदीची झाली, अशी तक्रार राजकीय सभांपासून उच्च न्यायालयापर्यंत पोचली, आणि पुढे पिवळसर छटेच्या दिव्यांकडे वळावं लागलं. पाणी, खड्डे आणि घरभाडं यांवर भांडणाऱ्या शहराने उजेडाच्या रंगासाठीही तेवढ्याच तावातावाने भांडून घेतलं.

आता उत्तरेला, प्रियदर्शिनी पार्कपासून वरळीपर्यंत, किनारी रस्त्याच्या कडेने नवा विहारपथ झाला आहे. त्याचा मोठा भाग 2025 च्या 15 ऑगस्टला खुला झाला. पथ रुंद, समुद्र तोच, वाराही तोच. फरक मधल्या रस्त्याचा आहे. मरीन ड्राइव्हवर इमारतीच्या दारातून निघालेला माणूस सिग्नलला रस्ता ओलांडून कठड्यावर येतो. नव्या पथावर जायला भरधाव वाहनांच्या खालून भुयारी मार्गाने जावं लागतं, आणि तो मार्ग कुठे आहे ते आधी शोधावं लागतं. सकाळी धावणारे, सायकलवाले तिथे पोचले आहेत. चणेवाले आणि भांडलेली जोडपी पोचायची आहेत.